खडी वर नेणारा बेल्ट कन्व्हेअर बसवायचा आहे. टेलला (बेल्टच्या खालच्या टोकाला) जाळी आणि बाजूने पुल कॉर्ड (ओढली की बेल्ट थांबवणारी दोरी) दिली की सुरक्षेचं काम झालं का?

तुम्ही लिहिलंय की बेल्ट 60 मीटरचा, चढाचा, ताशी 400 टनांचा आहे आणि पुरवठादार म्हणतो जाळी आणि पुल कॉर्ड दिली की पुरे. माझ्या मते नाही पुरत. क्रशरच्या मेंटेनन्समध्ये बरीच वर्षं गेल्यावर ड्रॉइंग हातात आलं की मी आधी एवढंच शोधतो: बेल्ट चालू असताना माणसाला त्याच्याजवळ कशासाठी जावं लागणार आहे?

हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. नोकरीला नवा होतो. पावसाळ्यात टेल ड्रमवर मातीचा थर चढला, बेल्ट एका बाजूला पळायला लागला. सगळे करायचे तसं मीही सळई घेऊन चालू ड्रम खरवडायला बसलो. सळई हातातून गेली हे मला आवाज आल्यावर कळलं. ती बेल्ट आणि ड्रमच्या मध्ये वाकून अडकली होती आणि हातमोज्याचा तळवा फाटला होता. गणित साधं आहे. तो बेल्ट सेकंदाला 2 मीटर धावत होता, आणि ओढ लागल्याचं कळून मूठ सुटायला पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात अर्धा मीटर बेल्ट आत गेलेला असतो.

नंतर मागे मागे जात कारण शोधलं. हेड ड्रमवरच्या, म्हणजे वरच्या टोकाच्या ड्रमवरच्या, स्क्रेपरचं (बेल्टला चिकटलेला माल खरवडणाऱ्या पट्टीचं) ब्लेड झिजलं होतं. त्यामुळे ओली माती बेल्टला चिकटून परत येत होती, खालच्या रोलरवर आणि टेलवर जमत होती. म्हणजे ब्लेड बदलायचा कंटाळा केला म्हणून मी सळई घेऊन तिथे बसलो होतो. म्हणून स्क्रेपर बाहेरून ताणता येईल असा घ्या. टेलच्या अलीकडे, खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला व्ही-आकाराचा प्लाऊ (माल बाजूला लोटणारी पट्टी) घ्या, म्हणजे आत पडलेला दगड ड्रमखाली जाणार नाही. टेल ड्रमही पंख्यांचा (मध्ये फटी असलेला) घेतला तर माती फार टिकत नाही.

माल बेल्टवर पडतो त्या जागेवर सर्वात जास्त वेळ द्या. च्यूटमधून (माल बेल्टवर सोडणाऱ्या घसरणीतून) दगड सरळ खाली आदळत असेल तर बेल्ट फाटतो, एका बाजूने पडत असेल तर बेल्ट पळतो, आणि दोन्हीत माल सांडतो. सांडलेला माल उचलायला फावडं घेऊन माणूस येतो, अपघात तिथे होतो. माल मधोमध, बेल्टच्या दिशेने आणि शक्य तितका बेल्टच्या वेगाने पडला पाहिजे. खाली इम्पॅक्ट रोलर (धक्का झेलणारे रबरी रोलर) दाट लावा. मोठे दगड जास्त असतील तर बेल्टची रुंदी सगळ्यात मोठ्या दगडाच्या पाचपट तरी ठेवा. चढ 18 अंशांच्या आत राहू द्या. गोटे असतील तर त्याहूनही कमी, ते घरंगळतात.

बेल्ट पळतोय म्हणून लोक दिसेल तो रोलर ठोकतात. आधी बघा: बेल्टचा एकच तुकडा सगळीकडे पळतोय का? मग जोड तिरका आहे. सगळा बेल्ट एकाच जागी पळतोय? मग दोष तिथल्या फ्रेमचा किंवा रोलरचा. रोलरच्या ज्या टोकाला बेल्ट आधी भेटतो त्या टोकाकडे तो सरकतो, एवढं लक्षात ठेवून, बेल्ट बंद करून थोडंसं हलवायचं आणि चालू करून लांबून दोन-चार फेऱ्या बघायच्या.

ड्राइव्हबद्दल थोडं. रबर लॅगिंग (ड्रमवरचं रबरी आवरण) असलेल्या, बेल्ट ओढणाऱ्या ड्रमला 180 अंशांचा विळखा असेल आणि घर्षणांक 0.35 धरला, तर घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या 3 पट होईपर्यंत बेल्ट घसरत नाही. तोच ड्रम उघडा लोखंडी, चिखलाने ओला, घर्षणांक 0.1 असेल तर हे प्रमाण 1.4 च्या आत येतं. मग लोक बेल्ट ताणत सुटतात आणि बेअरिंग जातात. लॅगिंग आणि स्नब पुलीचे (विळखा वाढवणाऱ्या छोट्या ड्रमचे) पैसे वाचवू नका. घर्षणाने तापलेला बेल्ट काय करतो हे 26 सप्टेंबर 1950 रोजी इंग्लंडमधल्या क्रेसवेल कोळसा खाणीत दिसलं: एका बेल्टवरून दुसऱ्यावर माल पडायच्या जागी फाटलेला बेल्ट अडकला, घर्षणाने पेटला आणि 80 कामगार गेले. तुमची खाण उघडी असली तरी वेगावर नजर ठेवणारा स्विच लावा; बेल्ट घसरला की मोटर बंद.

आता जाळीने न सुटणारी गोष्ट. ताशी 400 टन, वेग सेकंदाला 1.6 मीटर धरला, म्हणजे मीटरमागे जवळपास 70 किलो, 60 मीटरवर 4 टनांहून जास्त माल चढावर उभा. वीज गेली आणि होल्डबॅक (ड्रमला उलटं फिरू न देणारा अटकाव) नसेल तर बेल्ट मागे धावतो. काउंटरवेटही (बेल्ट ताणून ठेवणारं वजन) टांगलेलं असतं. म्हणून काम करताना नुसती मोटर बंद करून भागत नाही. मेन स्विचला काम करणाऱ्याने स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. काउंटरवेट अडवायचं, बेल्ट क्लॅम्प करायचा, मग पॅनलवरून सुरू करून बघायचं, हलत नाही ना. पुल कॉर्ड यासाठी नसते, ती फक्त ओरडाआरडा झाल्यावर थांबवायला. ती दोन्ही बाजूंना, पूर्ण लांबीभर हवी आणि ओढल्यावर हाताने रीसेट केल्याशिवाय बेल्ट सुरू होता कामा नये. सुरू होण्याआधी भोंगा वाजायला हवाच. हेडजवळच्या माणसाला टेलजवळचा माणूस दिसत नाही.

पुरवठादाराला एक प्रश्न विचारा: टेलच्या बेअरिंगला ग्रीस कुठून भरायचं? ‘जाळी काढून’ असं उत्तर आलं तर ड्रॉइंग परत पाठवा, ग्रीसच्या नळ्या जाळीबाहेर काढून मागा.