जुनं शिलाई मशीन घेताना

घरातल्या शिवणकामासाठी पहिलंच मशीन घेते आहेस, तर सोनेरी नक्षीला भुलू नकोस. नक्षी झिजली तरी टाका बिघडत नाही.

आधी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रीळ, बघ. डावीकडून उभी बॉबिन तिच्या डबीसकट (बॉबिन केस) बाहेर येत असेल, तर ते सिंगर कंपनीच्या मॉडेल १५च्या घराण्यातलं. उषासारख्या देशी मशिनींची ठेवणही तीच, त्यामुळे सुया, बॉबिन, बॉबिन केस म्हापशाला किंवा मडगावला सहज मिळतात. लांबट, बंदुकीच्या गोळीसारखं शटल, म्हणजे खालचा दोरा वाहून नेणारा भाग, दिसलं तर ते सिंगर २७-२८ किंवा १२७-१२८. टाका सुरेख घालतं, पण शटल हरवलेलं असेल तर मी घेणार नाही.

खांबाच्या पायथ्याशी उजवीकडे नंबर ठोकलेला असतो. सिंगरवर त्याआधी वाय अक्षर असेल तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचं.

चाक हाताने स्वतःकडे फिरव. जड असेल तर घाबरू नकोस, बहुतेकदा वाळलेलं तेल असतं. रॉकेलने धुऊन मशीन ऑइल घातलं की सुटतं. पण आपल्या चार महिन्यांच्या पावसात बंद खोलीत पडलेल्या मशिनीची सुईपट्टी काढून खालचे दाते नीट बघ. ते गंजून झिजले असतील तर कापड पुढे सरकणारच नाही. लाकडाला वाळवी आहे का, तेही टोचून पाहा.

मोटरपेक्षा पायमशीनच घे. चाकाची वादी (पट्टा) तुटलेली असली तरी चालेल, नवी स्वस्तात मिळते. आणि जाताना सुती कापडाचा तुकडा, दोन रंगांचे दोरे ने: वरचा रंग खाली डोकावत असेल तर ताण बिघडलाय, तो दुरुस्त होतो.