गाडीत बसून होतात, तरी ती फायर लेनच

प्रश्न : कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये एका देशी किराणा दुकानासमोर 3 मार्चला गाडी थांबवली. बायको कढीपत्ता आणि श्रीखंड घ्यायला आत गेली. मी स्टिअरिंगवरच होतो, इंजिनही चालू होतं. तरी पोलिसानं फायर लेनचं, म्हणजे बंबासाठी मोकळ्या ठेवायच्या जागेत गाडी उभी केल्याचं, तिकीट हातात ठेवलं. जागा खासगी प्लाझाची आहे. कर्बचा, म्हणजे रस्त्याच्या उंच कडेचा, लाल रंग उडालाय, अक्षरं धड लागत नाहीत. तेव्हाच काढलेला फोटो सोबत आहे. तिकीट ग्लोव्ह बॉक्समध्ये राहून गेलं. आता जुन्या घरमालकानं एक नोटीस पुढं पाठवली आहे, तीत दंड वाढलेला आहे. कोर्टात जाऊ का? याचा ग्रीन कार्डावर परिणाम होईल का, हीही धास्ती आहे.

उत्तर : कोर्टाचं नंतर पाहू. आधी त्या नोटिशीवरची तारीख बघा. तुम्ही पाठवलेल्या प्रतीवर 9 एप्रिल आहे. तिकीट मिळाल्यापासून 21 दिवसांत तक्रार करायची असते; ती मुदत 24 मार्चलाच गेली. थकबाकीची नोटीस निघाल्यावर कायदा आणखी 14 दिवस देतो, म्हणजे तुमच्या हातात 23 एप्रिलपर्यंतचा वेळ आहे. हे दिवस नोटीस टपालात पडल्यापासून मोजतात, ती जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत तुमच्या हाती आली तेव्हापासून नव्हे. घर बदललं की दहा दिवसांत डीएमव्हीला, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याला, कळवायचं असतं. ते कळवलं असतंत तर आठवडाभर तरी वाचला असता. असो. ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलेली तिकिटं आपोआप मिटत नाहीत, हे मला दर महिन्याला कुणाला ना कुणाला सांगावं लागतं.

आता मुद्द्याचं. 'मी गाडीतच होतो' हा बचाव अर्जात लिहूच नका. व्हेइकल कोडच्या, म्हणजे राज्याच्या वाहन कायद्याच्या, 22500.1 कलमात गाडीत माणूस असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलं आहे. इंजिन चालू होतं, पाचच मिनिटं झाली, यानंही फरक पडत नाही. वाहतुकीत अडकून थांबावं लागलं किंवा पोलिसानं वा सिग्नलनं थांबवलं, एवढीच काय ती सूट. जागा खासगी आहे हेही कामाचं नाही. सार्वजनिक असो वा खासगी, दोन्ही प्रकारचे पार्किंग लॉट त्याच कलमात येतात.

तुमचं प्रकरण तरेल किंवा बुडेल ते त्याच कलमातल्या पुढच्या वाक्यावर. जागा फायर लेन ठरवायची तर अग्निशमन दलानं ती तशी जाहीर केलेली असावी लागते आणि तशी खूण तिथं असावी लागते. खुणेचे तीन प्रकार चालतात. जागेला अगदी लागून, दिसेल अशी पाटी, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत फायर लेन लिहिलेली. किंवा जमिनीवर लाल रंगाची आखणी आणि त्यात वेगळ्या रंगात तेच शब्द, गाडीतून स्वच्छ दिसतील असे. किंवा लाल कर्ब, आणि त्यावर तेच शब्द स्पष्टपणे लिहिलेले. नुसता लाल कर्ब या कलमाला पुरत नाही. मात्र तिघांपैकी एक खूण असली तरी शहराचं काम भागतं.

म्हणून तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. कर्ब गुलाबी झालाय, एक एफ दिसतो, पुढं अर्धा आर, मग नुसतं सिमेंट. तुमच्या बाजूनं उत्तम. पण उजव्या कडेला, ट्रॉल्यांच्या रांगेमागं, खांबावर काहीतरी लाल चौकोनी आहे आणि फोटो तिथंच कापला गेलाय. ती पाटी फायर लेनची असेल आणि तुमच्या जागेला लागून असेल, तर कर्बवरची अक्षरं पुसलेली आहेत यावर भांडून उपयोग नाही. दुसऱ्या कशाची असेल, किंवा बरीच लांब असेल, तर लढण्यासारखं आहे. आजच जाऊन बघा. खांब, कर्ब आणि दुकानाचा दरवाजा एकाच फोटोत येऊ द्या. एक फोटो ड्रायव्हरच्या सीटवरूनही काढा. प्लाझावाल्यांनी मध्यंतरी रंग मारला असेल तर तुमचा मार्चचा फोटोच कामी येईल. त्याची मूळ फाइल जपून ठेवा.

तिकिटाची दर्शनी बाजू तुम्ही पाठवलेली नाही. त्यावर 22500.1 ऐवजी शहराचा स्वतःचा नियम टाकला असेल तर त्याची भाषा वेगळी असू शकते, त्यामुळे वरचं सगळं तसंच्या तसं लागू होईल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

पाटी नसेल तर इनिशियल रिव्ह्यू, म्हणजे तिकिटाची पहिली फेरतपासणी, मागा; वर म्हटलेली तक्रार ती हीच. फोनवर, लेखी किंवा समक्ष, कसाही मागता येतो, त्याला पैसे लागत नाहीत. मी तुमच्या जागी असतो तर लेखीच मागितला असता आणि पोच घेतली असती. दोनच परिच्छेद लिहा : कोणती खूण नव्हती, आणि फोटो कोणत्या तारखेचा. श्रीखंड वगळा. वाढीव दंडही रद्द करावा असं शेवटी जोडा. मानतील की नाही ते त्यांच्यावर.

रिव्ह्यूचा निकाल विरुद्ध गेला तर तो टपालात पडल्यापासून 21 दिवसांत हिअरिंग (सुनावणी) मागता येतं, पण दंडाची रक्कम आधी भरावी लागते. खरोखरच ऐपत नसेल तर तसा पुरावा देऊन सवलत मागता येते. हिअरिंग टपालानंही होतं. तिथं तिकीट देणारा पोलीस यावाच लागतो असं नाही. तिकिटाची प्रत हाच सकृद्दर्शनी पुरावा धरतात. तो आला नाही म्हणून आपण सुटू, या आशेवर राहू नका. खोडून काढायची जबाबदारी तुमची.

हिअरिंगचा निकालही विरुद्ध गेला तर त्यानंतर 30 दिवसांत सुपिरिअर कोर्टात अपील करता येतं, फी 25 डॉलर. तिथं सुनावणी नव्यानं होते. तारीख कधी लागेल ते मला विचारू नका. एवढ्या दंडापायी कामाचा दिवस मोडायचा का, हे तुम्हीच ठरवा.

ग्रीन कार्डाची धास्ती तुमच्यासारखे बरेच जण कळवतात. कॅलिफोर्नियात पार्किंगचा दंड दिवाणी स्वरूपाचा आहे, लायसन्सवर पॉइंटही पडत नाही. फॉर्ममध्ये काय लिहायचं ते मात्र तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारा. दंड थकवलात तर गाडीचं रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला अडकेल, ती अडचण जास्त जवळची आहे. डीएमव्हीकडचा पत्ता अजून बदलला नसेल तर रिव्ह्यूच्या अर्जाआधी ते करा, नाहीतर निकालही जुन्या घरमालकाकडेच जाईल आणि पुढचे 21 दिवस तिथंच संपतील.