मंजूर झालेल्या पेटंटविरुद्ध जुनी माहिती कुठे आणि कशी द्यावी?

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप असून, हळद शिजवण्याचे वाफेवरचे कुकर आम्ही बरीच वर्षे सांगली भागातील शेतकऱ्यांना बनवून देत आहोत. तशाच कुकरवर एका कंपनीला पेटंट मिळाल्याचे आठ महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झाले आणि आता पंधरा दिवसांत उत्पादन बंद करा, अशी वकिलामार्फत नोटीस मला आली आहे. जुनी बिले व फोटो जोडून पेटंट कार्यालयाला पत्र पाठवले तर पेटंट रद्द होईल का? अमेरिकेत कोणीही अशी माहिती देऊ शकतो, असे माझा भाचा सांगतो.

उत्तर : केवळ पत्र पाठवून पेटंट रद्द होणार नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली कोणतीही व्यक्ती लेखी हरकत देऊ शकते. मंजुरीनंतर मात्र हा दरवाजा अरुंद होतो आणि फक्त हितसंबंधित व्यक्तीलाच, मंजुरीच्या प्रसिद्धीपासून एक वर्षाच्या आत, कलम २५(२) खाली विहित नमुन्यात व फी भरून आक्षेप घेता येतो. साध्या पत्रावर नियंत्रकाने (पेटंट कार्यालयाच्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) निर्णय द्यावा, अशी तरतूद कायद्यात नाही. आपण त्याच वस्तूचे उत्पादक आहात आणि आपल्याला नोटीसही आली आहे, त्यामुळे आपला हितसंबंध दाखवणे अवघड जाऊ नये.

आपल्या भाच्याचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. अमेरिकेच्या कायद्यातील कलम ३०१ प्रमाणे मंजूर पेटंटशी संबंधित जुनी पेटंटे व छापील साहित्य कोणीही, केव्हाही कार्यालयाला देऊ शकतो आणि ते त्या पेटंटच्या फाइलला लागते; परंतु तेवढ्याने कार्यालय फेरतपासणीला बांधील होत नाही, ती फी भरून वेगळी मागावी लागते. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर १९९५ मध्ये तिथे दिलेले पेटंट १९९७ मध्ये अशाच फेरतपासणीत फेटाळले गेले. कापलेल्या बोटावर हळद दाबणे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असूनही आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेला त्यासाठी जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुढे ठेवावा लागला होता. आपल्या बाबतीत भारतीय कायदा अधिक अनुकूल आहे, कारण छापील साहित्याबरोबरच भारतात पूर्वी झालेला उघड वापर हेही इथे आक्षेपाचे स्वतंत्र कारण आहे.

आता पुराव्याकडे वळू, कारण प्रकरण तिथेच जिंकले किंवा हरले जाईल. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोटिशीतील क्रमांक टाकून संपूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचे सविस्तर वर्णन) व अग्रता दिनांक (त्या शोधासाठी पहिला अर्ज दाखल झाल्याची तारीख) काढून घ्यावा, आणि नूतनीकरणाची फी भरली जाऊन पेटंट अमलात आहे ना, हेही पाहून घ्यावे. अग्रता दिनांकाच्या आधीचेच पुरावे उपयोगाचे आहेत. ‘हळद कुकर, १ नग’ एवढेच लिहिलेले बिल विक्री सिद्ध करते, पण त्या कुकरची रचना काय होती हे सांगत नाही. म्हणून बिलासोबत त्याच काळातील ड्रॉइंग, बँकेकडे कर्जासाठी दिलेले कोटेशन, किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये आजही चालू असलेला, नेमप्लेटवर साल कोरलेला कुकर मिळतो का ते पाहावे. असा कुकर मिळाल्यास त्याचे झाकण उघडून आतला सच्छिद्र ड्रम, वाफेच्या पाइपची जोडणी आणि व्हॉल्व्ह यांचे फोटो घ्यावेत, आणि तो केव्हा घेतला व नंतर त्यात काही बदल केला का, याविषयी त्या शेतकऱ्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. मोबाइलमधले जुने फोटो द्यायचे असतील तर मूळ फाइल जपून ठेवावी, कारण पुढे न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागेल. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात जुन्या पुस्तिका व घडीपत्रके पाहायला मिळतील का, याची चौकशी अवश्य करावी. तारीख असलेले एक छापील पान कित्येक तोंडी साक्षींपेक्षा भारी ठरू शकते.

मग स्पेसिफिकेशनच्या शेवटी असलेल्या क्लेमपैकी, म्हणजे पेटंटधारक कशावर हक्क सांगतो त्या कलमांपैकी, क्लेम क्रमांक १ समोर ठेवून त्यातील प्रत्येक भाग आपल्या जुन्या कुकरमध्ये होता का, हे ओळीने ताडून पाहावे. सगळे भाग जुळले तर नावीन्यच उरत नाही. एखादा भाग, समजा वाफ पुन्हा फिरवण्याची जोडणी, जुन्या कुकरमध्ये नसेल तर ती सुधारणा या धंद्यातल्या कुशल माणसाला सहज सुचली असती, असे दाखवावे लागेल; भांडी घासून-तासून घेण्याच्या यंत्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच सांगितले आहे की केवळ वर्कशॉपमधील सुधारणेपलीकडे काही असल्याखेरीज पेटंट टिकत नाही. आणि तो भाग आपल्या आजच्या कुकरमध्येही नसेल, तर पेटंट टिकले तरी आपल्याकडून त्याचे उल्लंघन होत नाही, हा स्वतंत्र बचाव आपल्याकडे राहतो.

आक्षेपाखेरीज दुसरा मार्ग कलम ६४ खाली उच्च न्यायालयात पेटंट रद्द करण्याची याचिका, किंवा कंपनीने दावा लावल्यास त्यात प्रतिदावा, हा आहे; प्रतिदावा केल्यास जिल्हा न्यायालयातील प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते. परंतु एकाच व्यक्तीला दोन्ही मार्ग चालवता येत नाहीत. अलॉयस वोबेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसे स्पष्ट केले आहे, त्यामुळे ही निवड घाईने करू नये. माझे मत विचाराल तर, पुरावा दोन महिन्यांत भक्कम होत असेल आणि दावा अद्याप लागलेला नसेल, तर आक्षेप घ्यावा: खर्च कमी आणि छाननी तीन तज्ज्ञांच्या मंडळापुढे. पुरावा आक्षेपाबरोबरच द्यायचा असतो, नंतर आणखी काही दाखल करायला परवानगी लागते. म्हणून अर्धवट कागदांवर आक्षेप दाखल करण्यापेक्षा कलम ६४ चा मार्ग मोकळा ठेवणे शहाणपणाचे. एक वर्षाची मुदत नोटिशीच्या तारखेपासून नव्हे तर पेटंट जर्नलमधील प्रसिद्धीपासून मोजली जाते आणि ती वाढवून मिळत नाही. आपल्या हातात चारच महिने आहेत.

नोटिशीला उत्तर मात्र मुदतीतच द्यावे. त्यात ‘यापुढे बनवणार नाही’ किंवा ‘आपल्या पेटंटची कल्पना नव्हती’ अशी वाक्ये वकिलाला दाखवल्याशिवाय लिहू नयेत. आरोप नाकारून, नेमक्या कोणत्या क्लेमचे उल्लंघन कशाने झाले, याचा खुलासा मागावा. आपल्या गिऱ्हाइकांनाही निराधार धमक्या जात असतील तर कलम १०६ खाली त्या थांबवण्यासाठी आपण दावा करू शकता, पण पेटंट अस्तित्वात आहे एवढे कळवणे म्हणजे धमकी नव्हे.

हेच कुकर बनवणाऱ्या आसपासच्या इतर वर्कशॉपवाल्यांनाही आक्षेपाचा स्वतंत्र हक्क आहे आणि त्यांची जुनी बिले आपल्या कामी येऊ शकतात. कोणी आक्षेप घ्यायचा आणि कोणी न्यायालयाचा मार्ग राखून ठेवायचा, हे एकत्र बसून ठरवता येईल, मात्र प्रत्येकाने स्वतःच्या खऱ्या हितसंबंधावरच उभे राहावे. एकाने दुसऱ्याच्या नावाआड अर्ज केल्याचे उघड झाले, तर सर्वांच्याच पुराव्यावर संशय येईल.