कॅम बदललेल्या जिप्सीचं आयडल टायमिंग

निपाणीच्या दादांनी लिहिलंय, जिप्सीच्या १३०० कार्बोरेटर इंजिनात जादा ओव्हरलॅपचा कॅम (दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे ठेवणारा) टाकला, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) कंपनीच्या खुणेवरच ठेवलं, आता आयडल (रेस न देता इंजिन चालतं ते) वरखाली होतं आणि सिग्नलला गाडी बंद पडते. मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटर बदला. कार्बोरेटरला एवढ्यात हात लावू नका.

अशा कॅममुळे आयडलला जळका वायू सिलिंडरातच उरतो. ताज्या मिश्रणात तो मिसळला की ज्योत सावकाश पसरते, म्हणून ठिणगी आधी द्यावी लागते. ती उशिरा पडली की इंजिन मरगळतं, मग आपण थ्रॉटलचा स्क्रू पिळत जातो. थ्रॉटलची पाकळी जास्त उघडली की व्हॅक्यूम अॅडव्हान्सचं (इंजिनाच्या ओढीनं ठिणगी आधी पाडणारी सोय) भोक उघडं पडतं, टायमिंग आपोआप पुढंमागं होतं आणि मिक्श्चर स्क्रू फिरवून काही फरक पडत नाही. तुमचं बहुतेक हेच झालंय.

आधी क्रँकच्या पुलीवरची टायमिंगची खूण खरी आहे का बघा. माझ्या गाडीला भंगारातली पुली होती, तिची खूण चुकीची निघाली. दोन महिने वाया गेले. बेळगावच्या उद्यमबागेत जुन्या प्लगच्या कडीत बोल्ट वेल्ड करून घ्या. चारही प्लग काढा, हा बोल्ट एक नंबरच्या सिलिंडरला लावून क्रँक हातानं दोन्हीकडून अडेपर्यंत फिरवा, पुलीवर दोन खुणा करा. त्यांचा मध्य म्हणजे टीडीसी, पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. पुलीचा घेर ४३२ मिलिमीटर भरला तर १ अंश म्हणजे १.२ मिलिमीटर. तुमचा घेर मोजून ३६० नं भागा.

मग इंजिन गरम करा, व्हॅक्यूमचा पाइप काढून तोंड बंद करा आणि डिस्ट्रिब्युटर थोडा थोडा फिरवा. आरपीएम वाढलं की थ्रॉटलचा स्क्रू सोडायचा, पुन्हा बघायचं. अशा कॅमला मी टीडीसीच्या १४ अंश आधीपासून सुरुवात करतो. आयडलला डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजनं (वेग वाढला की फाकून ठिणगी आधी पाडणारी) उघडलेली नसावीत, नाहीतर टायमिंग लाइटचा आकडा फसवा.

आता खरी जोखमीची गोष्ट. समजा आधी ८ अंश होते, त्याचे १४ केले की जास्त आरपीएमचा आकडाही ६ नं वाढतो. वजनं क्रँकवर २४ अंश देत असतील तर एकूण ३८, आणि त्यात पिस्टन फुटतो की! मी व्हॅक्यूमशिवाय ३२ च्या पुढं जात नाही, म्हणजे वजनांना १८ च ठेवायचे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, तेव्हा त्याच्या आत हे ९ अंश. वजनांना अडवणारी खाच ब्रेझिंगनं भरून, कानशीनं घासून तेवढी करून घ्या.

निपाणीजवळच्या तवंदी घाटात गाडी वाजली नाही (ठिणगी फार आधी पडली की इंजिन ठोकतं, ते) म्हणून निश्चिंत होऊ नका. आपल्या बेळगावची उंची साधारण ७५० मीटर, हवा विरळ, सिलिंडरात दाब कमी. गोव्यात तीच गाडी वाजते. तिथून चोर्ला घाट चढताना, तिसऱ्या गिअरात, पूर्ण रेसवर, काचा खाली करून ऐका. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर लगेच रेस सोडा आणि २ अंश मागं घ्या.