थारला मोठे टायर घालण्याआधी

नवी थार घेतलीस, अभिनंदन! टायर बदलायची घाई मात्र करू नकोस. आधी सध्याच्या टायरवरचं माप नीट वाच. समजा २४५/७५ आर१६ आहे. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि रिम १६ इंची. रिमचा आकडा जुळलाच पाहिजे. पहिल्या दोन आकड्यांनी टायरची उंची बदलते, आणि खरा प्रश्न तिचाच असतो. २६५/७५ घातलास तर टायर ३० मिलिमीटरने उंच होतो, पण ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, वाढतो जेमतेम १५. वर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि पिकअपही मंदावतो.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- दुकानात गाडी सरळ उभी असताना टायर बसला की खूश होतात. एक चाक उंचवट्यावर चढवून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, कुठे घासतंय का.
- स्टेपनी जुन्याच मापाची ठेवतात.
- कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा कमी लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) टायर घेतात. हे अजिबात नको.

रोज हायवेने ऑफिस आणि पावसाळ्यात कर्जतचा चिखल, एवढंच असेल तर एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांसाठीचा) टायरच घे. एमटी (मड-टेरेन, खास चिखलासाठीचा) दिसतो झकास, पण मुंबईच्या ओल्या सिमेंट रस्त्यावर ब्रेक मारताना त्याची पकड कमी पडते. लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) वगैरे नंतर बघू.