सयाजीगंजच्या प्लॉटबद्दल

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे नकाशे दोनदा पाहिले. बडोदा स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर प्लॉट, खाली दुकानं, वर चार मजले ऑफिसं, त्यावर फ्लॅट. ब्रोकर म्हणतोय की निम्मी ऑफिसं पाया खणायच्या आत उठतील. बांधकाम प्रकल्पांच्या रेरा कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय कुणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, हे तुला वेगळं सांगायला नको. पण नोंदणीनंतर उठतील, हे मलाही खरं वाटतं. माझी काळजी त्यापुढची आहे. बडोद्यासारख्या शहरात ऑफिस विकलं जाणं सोपं आहे, ते भरणं अवघड आहे. आणि तू बांधणार आहेस ते भरण्यासाठी.

एखाद्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास अलकापुरी किंवा सयाजीगंजातल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावर जा. पॅसेजमधून शेवटपर्यंत चाल. किती शटरांच्या फटीत वीजबिलं अडकलेली आहेत, किती कुलपांना गंज चढलाय, कुठली ट्यूबलाइट जळतेय, हे बघ. तिथला एकही गाळा बिल्डरकडे पडून राहिलेला नाही, दस्तऐवज केव्हाच झालेत. मालकांपैकी कुणी आणंदला असतो, कुणी अमेरिकेत. पैसे कुठेतरी ठेवायचे म्हणून घेतलेली ती जागा. मग निम्मे लोक मेंटेनन्स भरत नाहीत, लिफ्टचा करार संपतो, वॉचमन जातो, आणि त्या मजल्यावर खरोखर धंदा करणारा दाताचा डॉक्टर वर्षभरात दुसरी जागा बघतो. मोठ्या महानगरात अशी इमारत गर्दीत लपते. इथे लपत नाही. अमक्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद असते, एवढं वाक्य रावपुऱ्यापासून मांजलपूरपर्यंत पोचायला एक पावसाळा पुरतो.

मालक जागा बंद का ठेवतो, याचा हिशेब कागदावर मांडून बघ. आकडे समजण्यापुरते धरतो. सुपर बिल्टअप (जिने-पॅसेजचा वाटा धरून) १००० चौरस फुटांचं ऑफिस ६० लाखांना विकलं, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ५५० निघाला. भाडं महिना २२ हजार मिळालं तर वर्षाचे २ लाख ६४ हजार, म्हणजे ४.४ टक्के. त्यातून मेंटेनन्स, महापालिकेचा वेरा (कर) आणि दोन भाडेकरूंमधले रिकामे महिने वजा कर. बँकेतली ठेव यापेक्षा बरी, असं त्याला वाटणारच. तो म्हणतो, भाव वाढेल तेव्हा विकू, तोवर भाडेकरूची कटकट कशाला? म्हणून भाड्याचा हिशेब विक्रीच्या भावाआधी कर. जो भाव भाड्याला पेलत नाही, तो मिळाला तरी तुझी इमारत अंधारी राहते.

भाडेकरू कोण, हे शहराच्या घडणीत आहे. खतं बनवणारी जीएसएफसी १९६२ ची, कोयलीची रिफायनरी १९६५ ची, पेट्रोकेमिकल्सची आयपीसीएल १९६९ ची. या सगळ्यांनी शहराबाहेर स्वतःच्या आवारात संसार थाटला, कॉलन्याही बांधल्या. एल अँड टीचे इंजिनिअर त्यांच्या नॉलेज सिटीत बसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, तिथली माणसंही कारखान्यातच काम करतील. मोठी कंपनी सयाजीगंजात चार मजले घेईल या आशेवर नकाशा काढू नकोस. तुझे भाडेकरू म्हणजे सीए, वकील, पॅथॉलॉजी लॅब, दातांचे डॉक्टर, परदेशी शिक्षणाची आणि व्हिसाची कामं करणारे, आणि पाइपिंगचे ड्रॉइंग काढून देणारे दहा जणांचे इंजिनिअरिंग कन्सल्टंट. यांना कार्पेट ३०० ते ६०० फूट लागतात. तुझ्या नकाशात सगळ्यात लहान ऑफिस १४०० चं आहे. मधली भिंत नंतर घालता येईल, असं तू लिहिलंयस. भिंत घालता येते गं, पण पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन मागून घालता येत नाही. डेंटिस्टच्या प्रत्येक खुर्चीला दोन्ही लागतात. प्रत्येक गाळ्याच्या पाठीला शाफ्ट, म्हणजे पाइप न्यायची उभी पोकळी दे, वेगळं वीजमीटर दे, एसीचं आउटडोअर युनिट ठेवायला जागा दे. ही जागा नसली की लोक ते दर्शनी भागावर टांगतात, आणि पाच वर्षांत तुझ्या काचेच्या एलिव्हेशनची रया जाते.

आणखी एक बघून ठेव. न्यायमंदिरची इमारत १८९६ ची, जिल्हा कोर्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या भरत होतं. २०१८ मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याला नव्या इमारतीत गेलं. ज्या वकिलाला, नोटरीला, टायपिस्टला कोर्टाच्या दारात बसायचं होतं, त्याला न्यायमंदिरजवळच्या खोलीचं काय काम उरलं? ऑफिसं संस्थांच्या मागे जातात. सयाजीगंजाला स्टेशन आहे, एस.टी. डेपो आहे, विद्यापीठ आहे, आणि ही तिन्ही उठून जाणारी नाहीत. या तुझ्या प्लॉटच्या खऱ्या जमेच्या बाजू आहेत. बुलेट ट्रेनचं स्टेशन जवळ येतंय, हे खरंच, पण त्याच्या नावावर आज दर वाढवून मागणाऱ्या जमीनमालकाला भुलू नकोस. गाडी सुरू होईल तेव्हाचं भाडं आज जमिनीत मोजून देशील, तर मधल्या वर्षांचं व्याज कोण भरणार?

आता क्लासेसबद्दल. वरच्या मजल्याला सर्वांत सहज मिळणारा भाडेकरू म्हणजे ट्यूशन क्लास. सुरतच्या तक्षशिला आर्केडला २४ मे २०१९ रोजी आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली २२ मुलं गेली. खाली उतरायचा लाकडी जिना जळाला होता. मुलांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, हे साऱ्या देशाने पाहिलं. माझ्याकडून या धंद्यातली एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घे: नियमात एक जिना चालत असला तरी दोन दे, एकमेकांपासून लांब दे, आणि दोन्ही थेट उघड्या आवारात उतरू देत. दुसऱ्या जिन्याखाली झेरॉक्सवाल्याला टपरी देऊ नकोस, कुणाचीही शिफारस आली तरी. गच्चीवर शेड घालू देऊ नकोस. फायर एनओसी (अग्निशमन खात्याचं ना-हरकत पत्र) हा कागद आहे, पळायची वाट बांधून द्यावी लागते. दुसऱ्या जिन्यात जी जागा जाईल ती विकता आली असती, असा हिशेब तुझा पार्टनर मांडेल. त्याला मांडू दे आणि तू नाही म्हण.

बेसमेंटबद्दलही मी तितकाच हट्ट धरणार आहे. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालचा रस्ता) तर साध्या पावसातही भरतं. तुझ्या प्लॉटपासून नदी लांब नाही. आजूबाजूच्या जुन्या दुकानदारांना विचार, २०२४ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत होतं. त्या खुणेवर हात ठेवून फोटो काढ आणि तो आर्किटेक्टला दे. रॅम्पचा माथा त्या खुणेच्या वर हवा. ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, जनरेटर, लिफ्टचं मशीन यांतलं काहीही बेसमेंटमध्ये नको. दोन बेसमेंट करण्यापेक्षा एक बेसमेंट आणि पहिल्या मजल्यावर पार्किंग महाग वाटेल, पण पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी लिफ्ट चालू असलेल्या इमारतीला भाडेकरू शोधावा लागत नाही. आणि पार्किंग मोजताना मालकाची गाडी मोजून थांबू नकोस. लॅबमध्ये रक्त द्यायला येणाऱ्याची स्कूटर कुठे उभी राहणार, तेही मोज.

फ्लॅटचं थोडक्यात लिहितो. दार वेगळं, लिफ्ट वेगळी, पाण्याची टाकी वेगळी. हे जमत नसेल तर फ्लॅट काढून टाक. जमत असेल तर लहान दोन बीएचके कर. मुलं परदेशी किंवा पुण्याला असलेली, दवाखाना आणि स्टेशन हाताशी हवं असलेली आपली कितीतरी वयस्क जोडपी दांडिया बाजारातल्या तीन मजली घरांचे जिने चढून थकली आहेत. त्यांना जिम नको, थिएटर नको. उंबरा नसलेलं बाथरूम आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट हवी.

पैशांचं तुला ठाऊक आहे, तरी बजावतो. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि ते याच इमारतीच्या जमिनीवर व बांधकामावर. बानाखत (विक्रीचा करार) नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही. बोलताना कार्पेटचाच भाव बोल. मंजूर नकाशा मागून बदलायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते, म्हणून गाळे लहान करायचे ते आत्ताच. बंद गाळ्यालाही पूर्ण मेंटेनन्स, ही अट बानाखतात स्पष्ट घाल. आणि जमलं तर एक अख्खा मजला विकू नकोस. स्वतःकडे ठेव, भाड्याने दे. बिल्डरची स्वतःची जागा इमारतीत असली की लिफ्ट कशी चालते, याकडे त्याचं लक्ष राहतं, आणि बाकीच्या मालकांनाही भाडेकरू मिळतात.

पत्राच्या शेवटी तू दांडिया बाजारातल्या वाड्याचा विषय काढलास. तो स्वस्त दिसतो, कारण कागद महाग आहेत. सिटी सर्वेच्या प्रॉपर्टी कार्डावर किती वारस आहेत, पाघडीचे भाडेकरू किती, आणि तो भाग अशांत धाऱ्यात (अशांत भागातल्या मालमत्तांच्या हस्तांतराचा गुजरातचा कायदा) येतो का, हे आधी बघ. येत असेल तर १९९१ च्या त्या कायद्याखाली कलेक्टरची परवानगी मिळाल्याशिवाय हस्तांतर होत नाही. जुन्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटला लागणारी ७५ टक्के संमतीची सोय २५ वर्षं झालेल्या ओनरशिप फ्लॅटच्या इमारतींसाठी आहे, वारसांनी भरलेल्या वाड्याला ती लागू होईल असं धरून चालू नकोस. सयाजीगंजाची बी.यू. (इमारत वापराची) परमिशन हातात येईपर्यंत वाड्याला हात घालू नकोस.

नवा टिपिकल फ्लोअर, म्हणजे ऑफिसांच्या एका मजल्याचा नकाशा, तयार झाला की पाठव. त्यावर दोन्ही जिने, शाफ्ट आणि २०२४ च्या पाण्याची पातळी लाल पेनने दाखव. रजाचिठ्ठीसाठी (बांधकाम परवानगीसाठी) फाइल टाकायच्या आधी आपण दोघं जाग्यावर जाऊ. संध्याकाळी सहाला, सगळा ट्रॅफिक असतो तेव्हा. गाडी रस्त्यावरून आत वळायला किती वेळ लागतो, ते मला बघायचंय.

तुझा,
काका