एसी लावून कुत्र्याला आरव्हीत ठेवलं तर चालेल का?

प्रश्न : ताई, आम्ही डॅलसला राहतो. जूनमध्ये आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन दक्षिण युटाला जायचं ठरवलंय. झायन, ब्राइस आणि जमलं तर ग्रँड कॅन्यन ही नॅशनल पार्क्स. सोबत आमचा लॅब्रडॉर सिंबा असेल. वय ९, वजन जरा जास्तच. त्याला मागे ठेवून जायला मन होत नाही. पण झायनच्या ट्रेल्सवर कुत्र्यांना नेता येत नाही म्हणे. मग वीज असलेल्या कॅम्पग्राउंडवर एसी लावून त्याला ४-५ तास गाडीतच ठेवलं तर? आणि गावाबाहेरच्या कॅम्पग्राउंडवर आणखी काय सांभाळायचं?

उत्तर : सिंबाला नेताय याचा मला फार आनंद झाला. पण एसीच्या भरवशावर त्याला एकटं ठेवू नका. जूनमध्ये, झायनच्या खोऱ्यात तर नाहीच नाही. तिथे दुपारी पारा सहज ३८ अंशांच्या वर जातो.

कारण सांगते. आडगावच्या कॅम्पग्राउंडवर बहुधा ३० अँपिअरची जोडणी असते. दुपारी २-३ वाजता सगळ्यांचे एसी एकदम सुरू होतात आणि जुन्या वायरिंगवर व्होल्टेज खाली येतं. मग खांबावरचा ब्रेकर तरी पडतो, नाहीतर गाडीचं व्होल्टेज सांभाळणारं यंत्र स्वतःच वीज तोडतं. आरव्हीच्या भिंती पातळ, त्यामुळे आतला गारवा भराभर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड ठेवतो, आणि आतली हवाच तापली की धापांचाही उपयोग होत नाही. सिंबाचं वय आणि वजन बघता त्याच्या हाताशी वेळ आणखी कमी. फोनवर तापमान कळवणारी उपकरणं मिळतात, जरूर घ्या. पण तुम्ही कड्याच्या आडोशाला असाल आणि फोनला रेंज नसेल, तर तो इशारा पोचणार कुठे?

ॲरिझोनातल्या एका कॅम्पग्राउंडवर मी हे डोळ्यांनी पाहिलंय. भर दुपारी आमच्या रांगेतली वीज गेली. शेजारच्या ट्रेलरमधली कुत्री आधी जोरजोरात भुंकत होती, मग आवाज बारीक होत गेला. मालकांचा पत्ता नाही. शेवटी कॅम्प होस्टने, म्हणजे कॅम्पग्राउंडची देखरेख करणाऱ्याने, दार उघडलं. ती दाराशीच आडवी पडली होती, जीभ गडद लाल, लाळ चिकट दोरीसारखी लोंबत होती. आम्ही नळी आणून तिला पोटापासून पंज्यांपर्यंत भिजवलं, ओल्या अंगावर पंख्याचा वारा धरला आणि मगच डॉक्टरकडे नेलं. ती वाचली. हा क्रम लक्षात ठेवा : आधी अंग गार करायचं, मग गाडी काढायची.

आता तुमच्या बेताबद्दल. झायनमध्ये कुत्र्यांसाठी एकच वाट खुली आहे, पारूस ट्रेल. तिच्यावर पहाटे जा. ती व्हर्जिन नदीच्या काठाने जाते, आणि लॅब्रडॉर म्हटला की पाणी दिसलं की उडी! तिथे त्याला आवराच. २०२० पासून या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे वाढणारे जिवाणू) आढळल्याचे इशारे दिले जातात. पाण्यात सोडू नका, पिऊ देऊ नका, पाणी घरचंच पाजा. पार्कच्या शटल बसमध्ये कुत्रा चालत नाही, म्हणून खोऱ्यातल्या बाकीच्या ट्रेल्स तुम्ही दोघांनी आळीपाळीने करा. एकाने जायचं, दुसऱ्याने सिंबाजवळ थांबायचं.

माझं ऐकाल तर झायनला एकच दिवस द्या आणि वर चढा. ब्राइसची कड ८ हजार फुटांच्या आसपास आहे, हवा एकदम वेगळी. तिथे सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट हा डांबरी रस्ता सिंबाला चालेल, खाली दरीत मात्र नेता येत नाही. मुक्काम करा वाटेतल्या रेड कॅन्यनला. ते डिक्सी नॅशनल फॉरेस्टमध्ये आहे, लाल कडे आणि पाँडेरोसा पाइनची सावली. नॅशनल फॉरेस्टचे नियम नॅशनल पार्कपेक्षा पुष्कळ सैल असतात, पट्टा असला की बहुतेक वाटांवर कुत्रा नेता येतो. माझ्या मते कुत्रा घेऊन फिरणाऱ्यांनी नॅशनल पार्कच्या नावाला भुलूच नये, खरा आनंद शेजारच्या जंगलात असतो. रेड कॅन्यनला विजेची जोडणी नाही, आणि त्या उंचीवर ती लागतही नाही. रात्री उलट पांघरूण लागतं. ग्रँड कॅन्यनला गेलातच तर दक्षिण कडेवर पार्कचं केनेल, म्हणजे कुत्रे सांभाळण्याची जागा, आहे. जागा आधी राखून ठेवा आणि लसीकरणाचे कागद जवळ बाळगा. कडेवरच्या वाटेने सिंबाला फिरवता येतं, कडेखाली मनाई आहे.

कॅम्पग्राउंडवर पट्टा ६ फुटांपेक्षा लांब नको. लांब दोर झाडाला बांधून मोकळं होणारे बरेच दिसतात. तो दोर शेजाऱ्याच्या चुलीत अडकतो, नाहीतर कुत्रा झुडपात तोंड घालतो आणि तिथे रॅटलस्नेक हा विषारी साप असतो. अंधार पडल्यावर त्याला एकटं बाहेर सोडू नका, कोयोटी (लांडग्यासारखे जंगली प्राणी) फिरत असतात. निवडुंगाचे काटे पंज्यात रुतले तर बोटांनी उपटू नका, ते बोटांनाच चिकटतात. रुंद दातांचा साधा कंगवा काट्याच्या गुंत्याखाली सरकवून झटका द्या. डांबरावर चालवण्याआधी उलटा तळहात ७ सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसवला नाही तर त्यालाही सोसणार नाही.

आणि प्रवासाच्या डब्याकडे लक्ष असू द्या. बेदाण्याचे लाडू, कांदेपोहे, चिवडा... कुत्र्यांना बेदाणे आणि कांदा विषारी आहेत. मुलांना हे निघण्यापूर्वीच बजावून ठेवा.

प्रश्न : आमची मांजर ३ वर्षांची आहे. आरव्हीत मांजर राहते का? कुत्र्यांबद्दलच सगळे लिहितात. (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : छान राहते, पण तिला गाडी आधी घरासमोर उभी असताना दाखवा. २-३ रात्री तिच्यासोबत आतच झोपा. माझी खरी काळजी आहे ती स्लाइड-आउटची, म्हणजे मोटरवर बाहेर सरकणाऱ्या खोलीची. मांजरं नेमकी त्या फटीत शिरतात. बटण दाबण्यापूर्वी तिला पिंजऱ्यात ठेवा आणि ती पिंजऱ्यात आहे हे स्वतः पाहा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. गाडी चालू असतानाही पिंजराच, मांडी नाही. दार उघडताना एकाने तिला धरायचं. तिच्या कातडीखालच्या ओळखीच्या मायक्रोचिपच्या नोंदणीत तुमचा आताचा फोन नंबर आहे ना, तेही निघण्याआधी तपासून घ्या.